अर्धांगवायू झालेल्या माणसाला पलंगावरून खुर्चीत, कमोडवर आणि गाडीत नेताना

डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या वेळा असतात, पथ्य असतं, पुढच्या तपासणीची तारीख असते. पलंगावरून उठवून खुर्चीत कसं बसवायचं, हे त्यावर नसतं. आणि घरी आल्यापासून दिवसातून अनेकदा करावं लागतं ते हेच. मग घरातला त्यातल्या त्यात धडधाकट माणूस पुढे होतो, काखेत हात घालतो आणि उचलतो. पहिले काही दिवस निभतं. नंतर उचलणाऱ्याची कंबर धरते, आणि ज्याला उचललं त्याचा खांदा रात्रभर ठणकतो.

खाली सांगितलेली पद्धत मुख्यतः एका बाजूला अर्धांगवायू झालेल्या, पण दुसऱ्या पायावर थोडा तरी भार घेऊ शकणाऱ्या माणसासाठी आहे. सगळ्याचा पाया एकच: माणूस उचलायचा नाही. त्याचं वजन त्याच्याच चांगल्या पायावर येऊ द्यायचं, आपण तोल सांभाळायचा आणि वळायला मदत करायची. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या नायॉश या सरकारी संस्थेच्या सूत्रानुसार, रुग्ण हलवताना एका माणसाने हाताने पेलायचं वजन फार तर 35 पौंड, म्हणजे जेमतेम 16 किलो धरलं जातं. तेही सगळं अनुकूल असताना. हडकुळ्या आजीसुद्धा 45 किलोंच्या असतात. तेव्हा ताकद कमी पडते म्हणून वाईट वाटून घेऊ नका, ती कुणालाच पुरत नाही.

समजायला सोपं जावं म्हणून उदाहरण एकच घेऊ: आजींची उजवी बाजू गेली आहे, डावी चांगली आहे. तुमच्याकडे उलट असेल तर डावं-उजवं बदलून वाचा.

हलवण्याआधी तीन गोष्टी बघा

पलंगाच्या काठावर त्या टेकू न देता थोडा वेळ बसू शकतात का? बसल्या-बसल्या डावा गुडघा तुमच्या हाताला रेटून सरळ करू शकतात का? "पुढे वाका", "थांबा" अशी दोन शब्दांची सूचना त्यांना कळते का? तिन्हींची उत्तरं होकारार्थी असतील तर एक माणूस पुरतो. एकाचं जरी नाही असेल तर दोन माणसं हवीत, किंवा खाली सांगितलेली साधनं.

ही तपासणी रोजची आहे. सकाळी दहाला उभ्या राहणाऱ्या आजी रात्री नऊला तितक्या उभ्या राहतीलच असं नाही. ताप, रात्रीचं जागरण, झोपेची नवीन गोळी, नुकताच केलेला व्यायाम, कशानेही फरक पडतो. मात्र कालपर्यंत जमत होतं आणि आज अचानक पाय लुळा पडतो आहे, तोंड वाकडं दिसतं आहे किंवा बोलणं अडखळतं आहे, असं असेल तर खुर्चीचा विचार सोडा आणि लगेच दवाखाना गाठा. पक्षाघाताचा झटका दुसऱ्यांदा येऊ शकतो.

पलंग, खुर्ची, फरशी

निम्म्या अडचणी इथेच सुटतात, म्हणून यावर एक दुपार खर्च करा.

पलंगाच्या काठावर बसल्यावर दोन्ही पावलं जमिनीवर पूर्ण टेकली पाहिजेत आणि कंबर गुडघ्यांपेक्षा किंचित वर असली पाहिजे. पलंग बुटका असेल तर उठणं फार अवघड होतं. पायांखाली लाकडी ठोकळे देऊन उंची वाढवता येते, पण ठोकळ्याला पाय बसेल एवढी खाच सुताराकडून पाडून घ्या. नुसत्या विटा लावल्या तर धक्क्याने पाय सरकून पलंग खाली बसतो. साध्या व्हीलचेअरची बैठक जमिनीपासून साधारण 19-20 इंचांवर असते, वर उशी ठेवली की आणखी वाढते. गादी दाबून पलंगाची उंची मोजा आणि दोन्ही शक्य तितक्या जवळ आणा. कापसाची जुनी गादी काठाला खचते आणि माणूस पुढे घसरतो. काथ्याची किंवा कडक फोमची गादी बरी.

शहरातल्या फ्लॅटमध्ये हल्ली खाली सामान ठेवायचे बॉक्सचे पलंग असतात. त्यांचा एक तोटा सहसा लक्षात येत नाही. उभं राहताना टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे जाव्या लागतात. बॉक्सच्या पलंगाला मागे फळी असल्याने त्या जाऊच शकत नाहीत. अशा पलंगावर आजींना अगदी काठापर्यंत पुढे आणूनच उठवावं लागतं, आणि तिथून घसरण्याची भीती जास्त. हे काम काही महिने चालणार असेल तर खालून मोकळा असलेला लोखंडी कॉट किंवा भाड्याचा हॉस्पिटल बेड आणा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

खुर्ची नेहमी चांगल्या बाजूला लावायची. आजी डाव्या काठाने उतरून बसल्या की त्यांचा डावा हात उशीच्या बाजूला येतो. म्हणजे खुर्ची उशीकडे, तोंड पायथ्याकडे, पलंगाशी 30 ते 45 अंशांचा कोन करून, आणि बैठक गादीला जवळजवळ टेकलेली. बहुतेक घरांत नेमकं तिथेच औषधांचं टेबल असतं. ते पायथ्याला न्या. परत पलंगावर आणताना सगळं उलटं होतं: खुर्ची पायथ्याच्या बाजूला, तोंड उशीकडे, म्हणजे डावी बाजू पुन्हा पलंगाकडे येते. जाताना जमलं आणि येताना जमत नाही, अशी तक्रार असेल तर आधी हेच तपासा.

दोन्ही ब्रेक लावा आणि खुर्चीला जोरात ढकलून बघा. चाकांत हवा कमी झाली की ब्रेकचा दांडा टायरला नीट टेकत नाही, लावलेला ब्रेकही सुटतो. ब्रेक लावण्याआधी खुर्ची दोन इंच मागे घ्या, म्हणजे पुढची छोटी चाकं पुढे वळतात आणि खुर्ची पुढे कलंडण्याचा धोका कमी होतो. फूटरेस्ट काढून ठेवा किंवा बाजूला वळवा. त्यावर पाय देऊन उभं राहिलं की खुर्ची सरळ अंगावर येते. पलंगाकडचं आर्मरेस्ट निघणारं असेल तर काढा.

पायपुसणी आणि सतरंज्या उचला. ओली फरशी कोरडी करा. आजींच्या पायात मागून पट्टा असलेली, रबरी तळाची चप्पल हवी. नसेल तर अनवाणी पाय चालतील, पण नुसते मोजे किंवा अंगठ्यात अडकवायची स्लिपर नको. नऊवारी, पाचवारी, लुंगी, लांब मॅक्सी हे सगळं पायात येतं. आजींचा साडीचा आग्रह असेल तर तो मोडू नका, पण हलवण्यापुरत्या निऱ्या वर खोचा. परकराची नाडी किंवा पँटचा मागचा भाग धरून ओढू नका. नाडी कापते, पँट वर सरकते, पकड मात्र मिळत नाही. आणि तुमच्या हातातल्या बांगड्या, घड्याळ, खड्याची अंगठी काढून ठेवा. या वयाची कातडी कागदासारखी फाटते आणि ती जखम आठवडेच्या आठवडे भरत नाही.

लघवीची नळी असेल तर पिशवी रिकामी करून ती सगळ्यांत आधी खुर्चीला अडकवा, कायम मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर. पिशवी वर उचलली तर लघवी उलटी आत जाते. नळी मांडीखाली अडकली तर माणूस पुढे जातो आणि नळी मागे राहते. नाकात नळी असेल तर आहार दिल्यानंतर निदान अर्धा-पाऊण तास हलवाहलव नको.

ट्रान्सफर बेल्ट

सर्जिकलच्या दुकानात मिळणारा हा रुंद कापडी पट्टा घ्याच. कमरेला, कपड्यांवरून बांधायचा, दोन बोटं आत जातील इतका घट्ट. उभं राहताना पोट आत जाऊन पट्टा सैल होतो, त्यामुळे उठवण्याआधी बसल्या-बसल्या एकदा पुन्हा आवळा. मुठी तळवे वर करून खालून घाला. वरून धरलेला पट्टा हातातून निसटतो. बेल्ट ही धरायची जागा आहे. त्याने माणूस वर खेचायचा नाही.

पोटाचं अलीकडे झालेलं ऑपरेशन, हर्निया, पोटावर शौचाची पिशवी किंवा आहाराची नळी, मोडलेली बरगडी, महाधमनीला आलेला फुगा यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बेल्ट बांधू नका.

काठावर बसवणं

आजींना पलंगाच्या मधोमध उताणं घ्या. आधीच काठाशी असतील तर कुशीवर वळताना थेट खाली येतील. तुम्ही डाव्या काठाशी उभे राहा. लुळा उजवा हात त्यांच्या पोटावर ठेवा, नाहीतर तो मागे राहतो आणि खांदा पिळवटतो. उजवा गुडघा वाकवून पाऊल गादीवर टेकवा. आता तुमचा एक हात त्यांच्या उजव्या खांद्याच्या फऱ्यामागे आणि दुसरा उजव्या कमरेमागे. "आजी, माझ्याकडे वळा," म्हणत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी आपल्याकडे घ्या.

त्या डाव्या कुशीवर आल्या की डावं पाऊल उजव्या घोट्याखाली अडकवून त्यांनाच दोन्ही पाय काठाखाली सोडायला सांगा. सगळी गंमत या पायांत आहे. एका पायाचं वजन शरीराच्या सुमारे सहाव्या हिश्शाइतकं असतं. 60 किलोंच्या माणसाचे दोन पाय मिळून जवळजवळ 20 किलो. ते खाली सुटले की धड आपोआप वर यायला लागतं. त्याच वेळी आजींनी डाव्या कोपराने गादी रेटायची, आणि तुम्ही एक हात त्यांच्या डाव्या खांद्याखाली घालून व दुसऱ्याने उजवी कंबर खाली दाबून त्यांना बसतं करायचं. मान धरून उठवू नका, हात धरून तर मुळीच नाही.

बसल्यावर घाई करू नका. एक-दोन मिनिटं तिथेच, तुमचा हात त्यांच्या खांद्यावर. बराच काळ झोपून असलेल्यांचा, रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या किंवा पार्किन्सनच्या गोळ्या चालू असलेल्यांचा रक्तदाब उठल्यावर पडतो. उभं राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर डॉक्टरांना कळवायला हवं. जांभया, घाम, पांढरा पडलेला चेहरा, "अंधारी येतेय" यांपैकी काही दिसलं की लगेच परत आडवं करा. त्यांना बोलता येत नसेल तर चेहऱ्यावरच नजर ठेवा.

उभं करून वळवणं

आधी आजींना काठाकडे सरकवा. धड डावीकडे कलवलं की उजवी बैठक, म्हणजे उजवा कुल्ला, हलकी होते, ती पुढे घ्या. मग उजवीकडे कलवून डावी. दोन-तीनदा केलं की पुरे. दोन्ही पावलं सपाट, खांद्यांइतक्या अंतरावर, डावं किंचित मागे.

तुम्ही समोर, थोडे त्यांच्या लुळ्या बाजूला उभे राहा. तुमचा एक पाय पुढे, एक मागे. पुढच्या पायाचा गुडघा त्यांच्या उजव्या गुडघ्याला समोरून अडसर म्हणून लावा आणि पाऊल त्यांच्या पावलाशेजारी, म्हणजे गुडघा दुमडणार नाही आणि पाऊल घसरणार नाही. गुडघ्याच्या वाटीवर दाब देऊ नका, नुसता अडसर. गुडघ्यात वाका, कंबरेत नाही. दोन्ही हातांनी बेल्ट मागच्या बाजूने धरा. लुळा हात त्यांच्या मांडीवर किंवा तुमच्या दंडाच्या आत सांभाळलेला. त्यांचा चांगला हात गादीवर किंवा खुर्चीच्या लांबच्या आर्मरेस्टवर. तुमच्या गळ्याभोवती कधीही नाही. तोल गेला की त्या सगळ्या वजनानिशी मानेला लटकतात आणि दोघंही पडता.

आता जी एक गोष्ट जमली की बाकी सगळं जमतं ती: पुढे वाकणं. आजींचं नाक पायाच्या अंगठ्यांच्या पुढे आलं पाहिजे. पुढे वाकलं की वजन बैठकीवरून पावलांवर येतं आणि बैठक स्वतःहून उचलली जाते. भीतीमुळे माणूस नेमका मागे रेलतो, आणि आपण त्याला सरळ वर खेचतो. मग साठ किलोंचं साठ किलो आपल्या हातात येतं. स्वतः खुर्चीत ताठ बसून, पुढे न वाकता उठून बघा. कुणालाच उठता येत नाही.

वाकताना डोकं उजवीकडे, म्हणजे खुर्चीच्या विरुद्ध दिशेला न्यायचं. डोकं ज्या दिशेला जातं त्याच्या उलट बैठक फिरते. "एक, दोन" म्हणत हलका झोका घ्या आणि "तीन"ला उठा. तीन म्हणायच्या आत उचलायला लागू नका. आजींचा पाय अजून तयार नसतो. पूर्ण ताठ उभं राहायचीही गरज नाही, बैठक आर्मरेस्टच्या वर गेली की पुरे. मग छोटी-छोटी पावलं टाकत दोघांनी एकत्र वळायचं. तुम्ही पाय जागेवर ठेवून कंबर पिळलीत तर तिथेच उसण भरते. आजींचं लुळं पाऊल मागे राहून घोटा मुरगळतो, म्हणून ते तुमच्या पावलाने हलकेच सरकवत राहा.

दोन्ही पायांना मागून खुर्चीचा काठ लागला की थांबा. त्यांनी डावा हात मागे नेऊन आर्मरेस्ट धरावं, पुन्हा पुढे वाकावं आणि हळू बसावं. बसतानाही पुढे वाकणं विसरायचं नाही, नाहीतर त्या धपकन आदळतात आणि पाठीच्या ठिसूळ मणक्याला तेवढा धक्का पुरतो. मग बैठक खुर्चीच्या पाठीला टेकेपर्यंत मागे घ्या, फूटरेस्ट लावा, आणि लुळा हात मांडीवर उशी ठेवून तिच्यावर ठेवा.

आजींना शब्द कळत नसतील तर बोलण्याऐवजी हात लावून दाखवा: खांद्याला स्पर्श म्हणजे पुढे वाका, गुडघ्यावर थाप म्हणजे उठा. सूचना देणारा एकच असावा. तीन नातेवाईक तिन्हीकडून "उठा, उठा" करतात तेव्हा त्या गोंधळून सगळंच सोडून देतात. झटक्यानंतर काहींना गेलेल्या बाजूचं भानच राहत नाही. उजवा हात चाकात अडकलाय हे त्यांना कळत नाही. तुम्हालाच बघावं लागतं.

खांद्याबद्दल वेगळं

खांद्याच्या सांध्याची खोबण उथळ असते. गोळा जागेवर राहतो तो मुख्यतः स्नायूंच्या जोरावर. अर्धांगवायूत ते स्नायूच ढिले पडतात. 60 किलोंच्या माणसाचा एक हात सुमारे तीन किलोंचा असतो, आणि ते तीन किलो दिवसभर त्या ढिल्या सांध्याला लोंबकळत राहतात. त्यावर काखेतून उचललं किंवा हात धरून ओढलं की गोळा खोबणीतून खाली उतरतो. नंतर कपडे घालताना, कूस बदलताना, व्यायाम करताना प्रत्येक वेळी दुखतं, आणि दुखण्याच्या भीतीने माणूस व्यायामच सोडतो. ब्युरोकडून येणाऱ्या मावशींना किंवा वॉर्डबॉयला पहिल्याच दिवशी हे स्पष्ट सांगा: काखेत हात नाही, हात ओढणं नाही. त्यांतल्या पुष्कळांना काखेतूनच उचलायची सवय असते. नवीन माणूस आला की पहिल्या दोन-तीन वेळा स्वतः शेजारी उभे राहा.

संडास आणि न्हाणीघर

व्हीलचेअरची बाहेरची रुंदी साधारण 24-26 इंच असते, आणि आपल्याकडच्या बाथरूमचं दार कित्येकदा तेवढंच किंवा त्याहून अरुंद. चौकटीच्या आतलं मोकळं अंतर आणि खुर्चीच्या चाकांची सगळ्यांत बाहेरची कड, दोन्ही मोजूनच खुर्ची घ्या. दारात अडकलेल्या खुर्चीतून माणसाला चालवत आत नेणं हा पडण्याचा हमखास रस्ता. चाकांची कमोड-खुर्ची अरुंद असते. पलंगाशीच तिच्यावर बसवायचं, ढकलत नेऊन कमोडच्या वर आणायचं, तिथेच अंघोळ घालायची आणि परत आणायचं. चार हलवाहलवींच्या जागी दोनच उरतात. भारतीय पद्धतीच्या संडासावरही ती उभी करता येते. चारही चाकं कोरड्या, सपाट जागी आहेत ना, एवढं पाहा. उंबरा असेल तर खुर्ची उलटी करून, मोठी चाकं आधी, मागे ओढत न्या.

भिंतीत बसवलेला स्टीलचा दांडा चांगल्या हाताच्या बाजूला हवा, जमिनीपासून 33 ते 36 इंचांवर, विटेत किंवा काँक्रीटमध्ये नीट अँकर ठोकून. टॉवेलचा रॉड वजन घेत नाही. भिंतीच्या टाइलला चिकटणारे रबरी कपवाले दांडे ओल्या टाइलवरून सुटतात. आम्ही ते कुणालाच सुचवत नाही. साबणाच्या अंगावर बेल्ट निसटतो, म्हणून अंग कोरडं करून, कपडे चढवूनच उठवायचं.

रात्री झोपमोड होऊन, अर्धवट अंधारात, घाईने केलेली हलवाहलव सगळ्यांत वाईट. रात्रीसाठी युरिन पॉट किंवा पलंगाशेजारी कमोड ठेवा, आणि एक मंद दिवा चालू असू द्या.

पलंगावर वर सरकवणं

डोक्याकडची बाजू उंच ठेवली की आजी तासाभरात पायथ्याकडे घसरतात. काखेत धरून वर ओढलं तर माकडहाडावरची आणि टाचांवरची कातडी चादरीला घासून सोलवटते, आणि बेडसोरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमांची, सुरुवात तिथून होते. त्याऐवजी एक मजबूत चादर दुहेरी करून खांद्यांपासून मांड्यांच्या मध्यापर्यंत आडवी अंथरून ठेवा. पलंग सपाट करा, उशी काढून वरच्या फळीला उभी लावा. दोन माणसं दोन बाजूंना. चादर गुंडाळत अंगाच्या अगदी जवळ आणून धरा, मुठी तळवे वर. आजींना डावा गुडघा वाकवून रेटायला आणि हनुवटी छातीला लावायला सांगा. "तीन"ला स्वतःचं वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर टाका. हात ओढत नाहीत, पाय ओढतात. एकट्याने करायचंच असेल तर नायलॉनची घसरती चादर मिळते. काम झाल्यावर ती काढून घ्या, नाहीतर माणूस पलंगावरून घसरतो.

अजिबात उभं राहता येत नसेल तर

धड सावरता येतं, हातांत जोर आहे, पण दोन्ही पाय गेले आहेत, अशांसाठी ट्रान्सफर बोर्ड. 18 मिलिमीटर प्लायवूडची 28-30 इंच लांब, 8-10 इंच रुंद फळी, दोन्ही टोकं तासून निमुळती आणि पॉलिश केलेली. सुतार करून देतो. फळीचा एक-तृतीयांश भाग मांडीखाली, दुसरं टोक खुर्चीवर भक्कम टेकलेलं. मग थोडं-थोडं सरकत जायचं. उघडी कातडी फळीला चिकटते, त्यामुळे मध्ये कापड हवं. बोटं फळीच्या कडेखाली घालू देऊ नका, चिरडतात.

धडही सावरत नसेल, किंवा वजन खूप असेल, तर हॉइस्ट, म्हणजे माणसाला झोळीत बसवून उचलणारं यंत्र. मोठ्या शहरांत तो भाड्यानेही मिळतो. घेण्याआधी पलंगाखाली साधारण पाच इंच मोकळी जागा आहे का बघा, कारण त्याचे पाय आत जावे लागतात. बॉक्सच्या पलंगाखाली ते जात नाहीत. त्याची झोळी (स्लिंग) अंगाच्या मापाची हवी, आणि पहिल्यांदा घरच्याच धडधाकट माणसाला त्यात बसवून सराव करा.

खुब्याचं ऑपरेशन झालेल्यांचे नियम वेगळे आहेत. त्या पायावर किती भार द्यायचा हे सर्जनच सांगतात. कंबर काटकोनापेक्षा जास्त वाकवायची नाही असं सांगितलं असेल तर वर दिलेलं खोल पुढे वाकणं तुमच्यासाठी नाही. उंच खुर्ची घ्या आणि फिजिओला घरी बोलावून पद्धत शिकून घ्या.

गाडीत आणि जिन्यावर

गाडीची पुढची डावी सीट पूर्ण मागे सरकवा, पाठ थोडी तिरकी करा. आधी बैठक, मग डोकं वाकवून आत, शेवटी पाय एकेक करून. सीटवर प्लॅस्टिकची पिशवी अंथरली की वळणं सोपं होतं. गाडी निघण्याआधी ती काढा. डावी बाजू गेलेल्यांना पुढची सीट सोयीची, कारण त्यांची चांगली बाजू गाडीकडे येते. आपल्या उदाहरणातल्या आजींना मात्र ड्रायव्हरच्या मागची सीट बरी पडते, पण ते दार रहदारीकडे उघडतं, म्हणून बिल्डिंगच्या आवारातच बसवून घ्या. रिक्षाची पायरी उंच आणि आत वळायला जागा नाही. स्वतः पाऊल उचलून ठेवता येत नसेल तर रिक्षा टाळा.

लिफ्ट नसलेल्या इमारतीतून खाली आणताना बरेच जण प्लॅस्टिकची खुर्ची घेतात. तिचे पाय तिरक्या भाराने दुमडतात आणि हात तुटतात. लाकडी किंवा स्टीलची, उंच पाठीची खुर्ची घ्या. छातीला आणि कमरेला पट्टा, लुळा हात पट्ट्याच्या आत. आजींचं तोंड उतरण्याच्या दिशेला, खुर्ची मागे कललेली. सगळ्यांत ताकदवान माणूस मागे पाठ धरून, दुसरा खाली पुढचे पाय धरून, तिसरा त्याच्या मागे पायऱ्या सांगत. जिन्याच्या प्रत्येक मधल्या टप्प्यावर थांबा.

पडायला लागल्या तर, आणि पडल्यावर

तोल जातोय असं वाटलं की धरून ठेवायची धडपड करू नका. एक पाय मागे घ्या, बेल्टने त्यांना अंगाशी ओढा आणि तुमच्या मांडीवरून घसरत जमिनीवर बसू द्या. डोकं तेवढं सांभाळा.

पडल्यावर पहिली प्रतिक्रिया असते झटकन उचलायची. उचलू नका. उशी द्या, पांघरूण घाला आणि बघा: कुठे दुखतंय, एक पाय आखूड आणि बाहेरच्या बाजूला वळलेला दिसतोय का, मान दुखतेय का, शुद्ध नेहमीसारखी आहे का. पाय तसा दिसत असेल तर खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं. हलवू नका, 108 ला फोन करा.

काहीच लागलेलं नसेल आणि त्यांना मदत करता येत असेल तर एक खुर्ची समोर, एक मागे ठेवा. डाव्या कुशीवरून त्यांना गुडघ्यांवर आणा, डावा हात समोरच्या खुर्चीवर, डावं पाऊल पुढे टेकवून उठवा, आणि मागची खुर्ची तिसऱ्या माणसाने बैठकीखाली सरकवायची. मदत करता येत नसेल तर जाड चादरीवर घेऊन किमान चार माणसांनी उचला.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोक्याला मार लागला असेल, तर आजी हसत-बोलत असल्या तरी त्याच दिवशी, लगेच दवाखान्यात न्या. आतला रक्तस्राव काही तासांनीही वाढतो.